जांबोटीच्या वाटेवर : पतिपत्नीसाठी मोटारसायकलवरील उन्हाळी सहल

ग्रामीण भागात आज मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. एके काळी गावात एखाद्याच दाराशी राजदूत अथवा येझदी उभी असे. येझदी ज्या मैसूरच्या कारखान्यात तयार होई, तो १९९६ साली बंद पडला. त्यानंतरच्या काळात कमी इंधनात अधिक अंतर तोडणारी हलकी वाहने घरोघरी आली. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, दूध उत्पादक शेतकरी ह्या सर्वांचा दिवस आता दुचाकीवरच सुरू होतो. तथापि हे वाहन बहुधा कामापुरतेच वापरले जाते असे आढळून येते. पतिपत्नी दोघे मिळून त्यावर बसतात ती लग्नकार्यास, दवाखान्यास किंवा बाजारास जाण्याकरिता. निव्वळ विश्रांतीसाठी, घाई न करता, चारपाच दिवस दोघांनी हिंडून यावे ही कल्पना अजून आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. खर्चाच्या दृष्टीने पाहता ती अगदीच आवाक्याबाहेरची नाही, हे पुढील मजकुरावरून ध्यानात यावे.

अशा सहलीस बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटीचा परिसर विशेष सोयीचा आहे. निपाणी, कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड ह्या भागांतील मंडळींना तो जवळचा आहे. बेळगावाहून तर तो तासाभराच्या अंतरावर आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे देशावरील इतर गावांच्या मानाने तेथील उन्हाळा सौम्य असतो. तेथून पिरनवाडीवरून किणये, कुसमळी असा रस्ता धरला की हळूहळू ऊस आणि भाताची शेते मागे पडतात व दुतर्फा झाडी दाट होऊ लागते. भर मे महिन्यातही ह्या झाडीत सकाळी गारवा असतो. मुलूख कर्नाटक राज्यात असला तरी गावोगावी मराठी बोलली जाते, त्यामुळे वाट विचारण्यास वा दोन घटका बोलत बसण्यास अडचण पडत नाही. रस्त्यावरील पाट्या मात्र पुष्कळ ठिकाणी कन्नडमध्ये असतात. ज्यांना ती लिपी येत नाही त्यांनी गावांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून खिशात ठेवावीत. रानात मोबाईलचा संपर्क वारंवार तुटतो, आणि त्या वेळी कागदच उपयोगी पडतो.

सहलीचा काळ निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. कर्नाटकातील शाळांना साधारणपणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुटी असते, तर महाराष्ट्रातील शाळांची सुटी मे महिन्यात सुरू होते. दुसरीकडे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ह्या भागात दुपारनंतर वळिवाचे पाऊस पडू लागतात, आणि जूनच्या आरंभी मोसमी पाऊस येऊन ठेपतो. सबब मेच्या पहिल्या पंधरवड्यात निघणे उत्तम. करवंदे, जांभळे, काजू आणि फणस ह्यांचाही तोच हंगाम असतो, हे वेगळे सांगावयास नको.

दिवसाला किती चालावे

सहल आरामाची करावयाची तर पहिला नियम अंतराचा. नकाशा पुढे ठेवून कोल्हापूर, बेळगाव, चोर्ला, पणजी असा एका दिवसाचा बेत आखणारे तरुण पुष्कळ भेटतात. त्यांना रस्ता दिसतो, गाव दिसत नाही. दोघांनी मिळून जावयाचे असेल तर दिवसाकाठी शंभर किलोमीटरांहून अधिक चालू नये, आणि दर पाऊण तासाने उतरावे. चालविणाऱ्याच्या हाती निदान मूठ व पायाखाली ब्रेक असतो. त्याचे शरीर गुंतलेले असते. मागे बसणाऱ्याला मात्र प्रत्येक खड्डा अनपेक्षितपणे बसतो. कंबर प्रथम मागच्याची धरते. म्हणून केव्हा थांबावयाचे हे मागे बसणाऱ्याने ठरवावे, व पुढच्याने ते मुकाट्याने मानावे. हल्ली अनेक गृहिणी व शिक्षिकांकडे वाहन चालविण्याचा परवाना असतो. अशा वेळी रिकाम्या, सरळ रस्त्यावर आळीपाळीने चालवावे. दोघांचाही थकवा कमी होतो आणि मागे बसण्याचे कष्ट काय असतात हे यजमानांनाही कळते.

निपाणीहून निघणाऱ्या दांपत्याने पहाटे सहाच्या सुमारास प्रस्थान ठेवावे. निपाणी ते बेळगाव हे सुमारे ७५ किलोमीटरांचे अंतर राष्ट्रीय महामार्गाचे आहे. तवंदीच्या घाटात अवजड वाहनांची वर्दळ असते, म्हणून डावी बाजू सोडू नये. ऊन चढण्याच्या आत बेळगाव गाठून तो दिवस तेथेच घालवावा. किल्ल्यातील कमल बस्ती हे १२०४ सालचे जैन मंदिर पाहण्यासारखे आहे, आणि संध्याकाळी बाजारात जाऊन कुंदा घेतल्यावाचून बेळगाव सोडल्याचे घरी कोणी खरे मानणार नाही. इंधनाची टाकी येथेच पूर्ण भरून घ्यावी. पुढे रानात पंपाची खात्री धरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांबोटीस जावे. मुक्कामाची व्यवस्था मात्र निघण्यापूर्वीच दूरध्वनीवरून निश्चित करावी. सुटीच्या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळेलच असे नाही. जांबोटीत सोय न झाल्यास खानापूर येथे राहून १८ किलोमीटरांवरील जांबोटीस ये-जा करता येते. जवळच हब्बनहट्टी येथे मलप्रभेच्या काठी स्वयंभू मारुतीचे देवस्थान आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी चढले की हे देऊळ पाण्याखाली जाते. उन्हाळ्यात मात्र खडकावर बसून पात्रात पाय सोडता येतात.

तिसरा दिवस कणकुंबीचा. जांबोटीच्या पश्चिमेस १६ किलोमीटरांवर, सुमारे ७९२ मीटर उंचीवर हे गाव आहे. येथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन सौंदत्तीजवळील नविलतीर्थ धरण ओलांडून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. ह्याच तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेस वळते व मांडवी होऊन पणजीपाशी समुद्रास मिळते. एका डोंगररांगेवर पडलेले पाणी दोन समुद्रांकडे कसे वाटले जाते, हे भूगोलाच्या शिक्षकांना पुस्तकापेक्षा येथे अधिक चांगले समजावून सांगता येईल. ह्या पाण्याच्या वाटपावरून राज्याराज्यांत वाद झाला व लवादाने २०१८ साली निवाडा दिला, हे सर्वश्रुत आहे. कणकुंबीचे माउलीचे मंदिर पाहून, शिदोरी सोडून, दुपारच्या आत परतावे.

हौस असल्यास पुढे चोर्ला घाटाच्या माथ्यापर्यंत जाण्यास हरकत नाही. कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र ह्या तीन राज्यांच्या सीमा त्या परिसरात एकत्र येतात. गोव्याच्या बाजूस उतरण तीव्र व वळणांची आहे. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचविण्याची जी खोड अनेकांना असते ती घातक होय. इंजिन चालू ठेवून खालच्या गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेगाला आपोआप आळा बसतो आणि ब्रेक तापत नाहीत. पुढचा व मागचा ब्रेक दोन्ही मिळून, थोडाथोडा, वळणाच्या आधी लावावा. वळणात लावू नये.

चौथा दिवस खानापूरच्या पूर्वेकडे घालवावा. खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी असोगा हे निसर्गरम्य ठिकाण आहे. पुढे नंदगड येथे संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मेच्या ह्या शूर शिलेदारास इंग्रजांनी १८३१ साली तेथे फाशी दिले. हलशी हे खानापूरपासून सुमारे १४ किलोमीटरांवरचे गाव प्राचीन पलाशिका होय. बनवासीच्या कदंबांची, व पुढे गोव्याच्या कदंबांची, ही दुसरी राजधानी होती. येथील भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह तर दुसऱ्यात वराह. देवालय थंडगार असल्यामुळे दुपारचा विसावाही तेथेच घेता येतो. पाचव्या दिवशी आलेल्या मार्गाने घरी परतावे. एकूण अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. लिटरमागे ४५ ते ५० किलोमीटर चालणाऱ्या वाहनास सात-आठ लिटर पेट्रोल पुरते.

वाहन, कपडे आणि कायदा

निघण्याच्या आठवडाभर आधी वाहन ओळखीच्या कारागिराकडून तपासून घ्यावे. आदल्या रात्री नव्हे. दुरुस्तीनंतर वाहन दोन दिवस गावातच चालवून पाहणे इष्ट. साखळीचा ताण व टायरमधील हवेचा दाब वाहनासोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेला असतो. दोघे बसणार असतील तर मागच्या चाकात हवा अधिक लागते, ती त्याच पुस्तिकेतील दुसऱ्या आकड्याप्रमाणे भरावी. सामान एकाच पिशवीत मागे उंच न बांधता दोन्ही बाजूंस सारखे वाटावे. प्लग, क्लचची तार, पान्हे, पंक्चरचे साहित्य आणि एक मजबूत दोरी एवढे बरोबर असावे.

मागे बसणाऱ्या स्त्रीच्या वस्त्राविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात वा साखळीत गुंतून घडणारे अपघात आपल्याकडे नवे नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ अन्वये मोटारसायकलला मागच्या व्यक्तीसाठी पकडण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा, आणि वस्त्र गुंतू नये म्हणून निदान अर्धे मागचे चाक झाकणारे आवरण असले पाहिजे. पुष्कळ तरुण शोभेसाठी हे आवरण काढून टाकतात. ते पुन्हा बसवून घ्यावे. नेसूचे वस्त्र साडी असल्यास पदर कमरेभोवती घट्ट खोचावा. लांबच्या प्रवासात एका बाजूस पाय सोडून बसल्याने वाहनाचा तोल बिघडतो आणि बसणारीची पाठही भरून येते. ह्यास्तव सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंस पाय टाकून बसणे सर्वांत सुरक्षित. घरातील वडीलधाऱ्यांनी ह्याला नावे ठेवू नयेत. लाजेपेक्षा जीव मोलाचा आहे हे त्यांनाही मान्यच असते.

शिरस्त्राण दोघांनीही घालावयाचे असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाराही त्यातून सुटत नाही, आणि कर्नाटकात मागच्या व्यक्तीसाठी सक्ती २०१६ पासून अंमलात आहे. भारतीय मानकाचे चिन्ह असलेले शिरस्त्राण घेऊन त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधावा. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण पडण्याच्या क्षणी डोक्यावर राहत नाही. चालविण्याचा परवाना, नोंदणीपत्र, विमा व प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र बरोबर असावे. शासनाच्या डिजिलॉकरमधील प्रतीही ग्राह्य धरल्या जातात. एका राज्यात नोंदलेले वाहन सहलीपुरते दुसऱ्या राज्यात नेण्यास वेगळी नोंदणी लागत नाही. सीमेवरील तपासणी नाक्यावर वाहन थांबविले गेल्यास घाबरण्याचे कारण नाही. मद्य घेऊन वाहन चालविणे हा गुन्हा असून रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

रान, आग आणि वळीव

जांबोटीच्या दक्षिणेकडील रानाचा बराच भाग भीमगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य २०११ साली घोषित झाले. तेथील बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ ह्या जगात फार विरळ असलेल्या जातीची वस्ती आहे. त्या गुहा, भीमगड किल्ला, तसेच म्हादईवरील वज्रपोहा धबधबा येथे वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊ नये. उन्हाळ्यात धबधब्यास पाणीही नाममात्र असते. त्याच्यासाठी हट्ट धरून रानवाटेने वाहन घालण्यात काही लाभ नाही.

उन्हाळ्यात ह्या रानाला खरे भय आगीचे असते. वाळलेला पाचोळा पायाखाली वीतभर साचलेला असतो, आणि एक जळती विडी त्याला पुरते. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी लागलेले वणवे विझविण्यासाठी हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले होते. अभयारण्यात आग पेटविणे अथवा जळती सोडणे हा वन्यजीव अधिनियम, १९७२ च्या कलम ३० अन्वये अपराध आहे. रस्त्याकडेला तीन दगड मांडून चहा उकळण्याची हौस घरच्या परड्यात पुरवावी. गरम चहासाठी थर्मास न्यावा. तापलेल्या सायलेन्सरसह वाहन वाळल्या गवतात उभे करणेही टाळावे. कोठे धूर दिसला तर फोटो घेत न बसता नजीकच्या गावात वा वनखात्याच्या नाक्यावर वर्दी द्यावी. ह्या रानातच गावांची गुरे चरतात आणि तेथूनच त्यांच्या विहिरींना पाणी मिळते.

संध्याकाळी व पहाटे गवे रस्ता ओलांडतात. अशा वेळी दूरच थांबावे, भोंगा वाजवू नये, आणि एक गेला म्हणून लगेच निघू नये, कारण मागे कळप असतो. अंधारात ह्या रस्त्याने जाऊच नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते; वळणाआड उभे असलेले जनावर दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. घाटरस्त्यावर ३० ते ४० चा वेग पुरेसा आहे.

वळिवाचा पाऊस साधारणतः दुपारी तीननंतर येतो. आभाळ भरून येताच जवळच्या गावातील पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. विजा कडाडत असताना झाडाखाली उभे राहू नये. पहिल्या सरीने रस्त्यावरील धूळ व तेल ओले होऊन डांबर निसरडे होते, तेव्हा पाऊस थांबल्यावरही अर्धा तास वाट पाहणे शहाणपणाचे. हा वेळ गावातील दुकानाच्या ओट्यावर गप्पांत सहज जातो. दुर्दैवाने अपघात झालाच तर ११२ किंवा १०८ ह्या क्रमांकावर कळवावे. रस्ते अपघातातील जखमींना पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेली आहे. दोघांनीही आपले नाव, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात वेगवेगळी ठेवावी.

घरी परतल्यावर साखळी धुऊन तिला तेल द्यावे आणि ब्रेकची जाडी तपासावी. पावसाळा महिनाभरावर आलेला असतो, आणि शाळेचा व शेताचा रस्ता पुन्हा त्याच वाहनाने तुडवावयाचा असतो.