दोन उद्गारचिन्हं कुठून आली?

टर्मिनलवर `!!` लिहून एन्टर दाबलं की मागची कमांड पुन्हा चालते. वरचा बाण हाताशी असताना ही खूण कशाला, असं नवी मुलं हमखास विचारतात. खरं तर ही खूण आली, तेव्हा तो बाण हाताशी नव्हताच.

बिल जॉय यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्कली विद्यापीठात सी-शेल हा कमांड चालवणारा प्रोग्रॅम लिहिला. `!!` ही खूण त्यातलीच. त्यांच्याकडचं टर्मिनल होतं एडीएम-३ए. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. घरून काम करायचं तर ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ उमटायला अडीच सेकंदांहून जास्त! कित्येक ठिकाणी तर पडदाही नसायचा, सगळं कागदावर छापून यायचं. छापलेल्या ओळीत मागे जाऊन दुरुस्ती कशी करणार? म्हणून लांबलचक कमांडमध्ये एक अक्षर चुकलं, तर `^चूक^बरोबर` एवढंच लिहायचं. बाकीची ओळ शेल स्वतः जुळवून घेई. मागच्या कमांडचा शेवटचा शब्द हवा असेल तर `!$`. फाइलचं लांबलचक नाव पुन्हा लिहायला नको म्हणून मी आजही हेच वापरतो, आणि बाणापेक्षा ते झटपट होतं.

१९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं बॅश हे शेल आलं. इमॅक्स या एडिटरमध्ये रुळलेली कंट्रोल-आर ही शोधाची कळ त्यात होती. कंट्रोल-आर दाबून आठवतील ती दोन-चार अक्षरं लिहा, जुनी कमांड समोर येते. आणखी मागचं हवं असेल तर पुन्हा कंट्रोल-आर. बाण चाळीस वेळा दाबणाऱ्याला हे शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

शोधताना हवी ती कमांड मागे पडली, तर पुढे यायला कंट्रोल-एस आहे. पण ती दाबली की बहुतेक ठिकाणी टर्मिनल गोठतं आणि माणूस घाबरून खिडकीच बंद करतो. बिघडलेलं काहीच नसतं. टेलिप्रिंटरच्या जमान्यात समोरच्या यंत्राला ‘जरा थांब’ सांगायचा इशारा हाच होता आणि टर्मिनल तो अजून पाळतं. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये `एसटीटीवाय -आयएक्सऑन` ही एक ओळ घाला. अर्थात, इंग्रजी अक्षरांत.