ई-रिक्षाच्या बॅटऱ्या सीटखाली का?
दिल्लीतल्या मयूर विहार फेज १ मेट्रो स्टेशनाबाहेर प्रवाशांची वाट पाहणाऱ्या ई-रिक्षाची मागची सीट उचलली, की खाली सहसा चार बॅटऱ्या खेटून बसवलेल्या दिसतात. प्रत्येकी १२ व्होल्टच्या, एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट. त्या शिसे-आम्लाच्या असल्या तर चारांचं वजन शंभर किलोच्या आसपास जातं. एवढं ओझं कुठे ठेवलं आहे, यावर गाडीचा तोल ठरतो.

तीनचाकीचा पाया त्रिकोणी: पुढे निमुळता, मागे रुंद. वजन जितकं खाली आणि मागच्या आसाजवळ, तितकी वळणावर कलंडण्याची भीती कमी. पण ते आसाच्याही मागे गेलं, तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल नीट ऐकत नाही. म्हणून आसाच्या किंचित पुढची, सीटखालची जागाच योग्य.

२०१४च्या नियमांनी ई-रिक्षाला चार प्रवासी आणि ४० किलो सामानाची मुभा दिली. पाचवा माणूस चालकाला खेटून बसला, की वजन नेमकं निमुळत्या टोकाकडे सरकतं, तेही एका अंगाला. असं बसू नये आणि बसवूही नये. बॅटऱ्यांच्या पट्ट्याही घट्ट हव्यात. सैल बॅटरी वळणावर सरकते, तारा ओढल्या जातात आणि ठिणगी उडू शकते.