देहदानानंतर देहाचे काय होते?

बोरीवलीतून देहदान करायचे तर जवळचे ठिकाण म्हणजे विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय आणि त्याला जोडलेले पालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय. मृत्यूनंतर काही तासांतच देह तिथे पोचायला हवा, कारण मुंबईच्या दमट उकाड्यात कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते.

ती थांबवण्याची प्रक्रिया म्हणजे एम्बामिंग. शरीररचनाशास्त्र विभागात मांडीच्या किंवा मानेच्या धमनीला छोटा छेद देऊन कित्येक लिटर द्रावण हळूहळू आत सोडतात. हृदय थांबलेले असले तरी रक्तवाहिन्यांचे जाळे शाबूत असते, त्यातूनच ते सर्वत्र पोचते. द्रावणातले फॉर्मालिन प्रथिने घट्ट करते, फिनॉल जंतू व बुरशी मारते आणि ग्लिसरीन ऊती कोरड्या पडू देत नाही. मग देह टाकीत किंवा शीतकक्षात अनेक महिने टिकतो.

फॉर्मालिनने देह ताठरतो. पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनाला ते चालते. शस्त्रक्रियेच्या सरावाला नाही. त्यासाठी ऑस्ट्रियातील ग्राझचे वॉल्टर थील यांनी 1992 मध्ये मऊ ठेवणारी पद्धत मांडली. तिच्यात सांधे वाकतात, दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही शिकता येते. खर्च मात्र बराच.

देहदानाचा कायदा जुनाच, 1949 चा. देहदानाचा अर्ज भरलात तरी महाविद्यालयाला अखेरचा फोन नातेवाइकांनीच करायचा असतो, म्हणून घरात आधी बोला. नेत्रदान केलेला देहही स्वीकारतात. शवविच्छेदन झालेला सहसा नाही.