‘मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी’ हे वाक्य कसं वाचायचं?



पेटची तयारी करणारे ज्युनिअर विषय कसा निवडावा हे विचारायला येतात आणि बोलणं संपता संपता हळूच दुसरा प्रश्न निघतो: "दादा, केस लई गळायलेत. काय लावू?" नांदेडला विद्यापीठाचं होस्टेल असो की लातूरला ट्यूशनच्या भागातली कॉट बेसिसची खोली, पोरांचे दोन ठरलेले आरोपी असतात: एक अभ्यासाचं टेन्शन, दुसरं बोअरचं पाणी. आणि उपाय म्हणून मोबाईलवर बघून मागवलेली एक बाटली. त्या बाटलीवर रोझमेरी, कॅफीन, कांदा, बायोटिन आणि ‘मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी, संशोधनाने सिद्ध’ असं काहीतरी छापलेलं. आज हेच वाक्य उकलून बघू. केस तुमचे वाचतील की नाही हा भाग वेगळा, पण पेपर वाचायला शिकायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पाण्याचं आधी उरकून टाकतो. क्षाराच्या पाण्यात शाम्पूला फेस येत नाही, केसांवर थर बसतो, केस राठ होऊन मधेच तुटतात. पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. कंगव्यातला केस उचलून बघा: एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून सुटलाय. दिवसाला असे पन्नास ते शंभर केस जाणं हे साधारणच आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही गावांत झालं तसं, बायका-पोरांसकट लोकांचे केस आठवडाभरात जायला लागले, तर ती गोष्टच निराळी. तिथं डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. अशा वेळी बाटली नाही, दवाखाना.

आपण बोलतोय ते पुरुषांच्या नेहमीच्या टकलाबद्दल. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून रेघ मागे सरकते, टाळूवर विरळ होतं, मागची झालर मात्र शाबूत राहते. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. म्हणजे हार्मोन हवं आणि आनुवंशिकताही हवी. पुढे कळलं की खरा खेळ टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटीचा आहे. ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम ते बनवतं, आणि टाळूवरची संवेदनशील मुळं त्यामुळे वाढीचा काळ आखडता घेतात. दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. म्हणून खरं तर केस ‘गळतो’ म्हणण्यापेक्षा ‘झिजत जातो’ म्हटलेलं बरं.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. गोळी घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर केस वाढायला लागले, तो दुष्परिणामच पुढे धंदा झाला. १९८८ मध्ये २ टक्क्यांचं लावायचं द्रावण पुरुषांसाठी मंजूर झालं, नंतर ५ टक्क्यांचं आलं.

यातली एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मिनॉक्सिडिल जसंच्या तसं फारसं काम करत नाही. केसाच्या मुळातलं सल्फोट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम त्याला मिनॉक्सिडिल सल्फेटमध्ये बदलतं, आणि ते सल्फेट पेशींमधल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतं. पुढे वाढीचा काळ नेमका कसा लांबतो यावर अजून वाद आहे. हे एन्झाइम प्रत्येकात सारखं नसतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधल्या त्वचारोग विभागात डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांचे उपटलेले केस घेऊन त्याचं मोजमाप केलंय. एकाच खोलीतले दोघं एकच बाटली वापरतात, एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही, त्याचं एक कारण इथं आहे. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

परिणाम किती? २००२ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ३९३ पुरुष होते. ४८ आठवड्यांनी एका चौरस सेंटीमीटरमध्ये मोजलेल्या जाड केसांची सरासरी वाढ अशी: ५ टक्के मिनॉक्सिडिलने १८.६, २ टक्क्यांनी १२.७ आणि औषध नसलेल्या नुसत्या द्रावणाने ३.९. तो शेवटचा आकडा परत वाचा. औषध नाही, तरी केस वाढले. ऋतूचा फरक, मोजणीतली चूक, चाचणीत आलोय म्हणून डोक्याची घेतलेली जास्त काळजी, हे सगळं त्या ३.९ मध्ये आलं. हा गट नसता तर १८.६ मधलं औषधाचं किती आणि बाकीचं किती हे कळलंच नसतं.

आता रोझमेरीकडे येऊ. बाटल्यांवरचं ते वाक्य बहुतेक वेळा २०१५ च्या एका इराणी चाचणीवर उभं असतं. १०० रुग्ण, पन्नास-पन्नासचे दोन गट. एकाला रोझमेरी तेल, दुसऱ्याला २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी कुठल्याच गटात लक्षणीय वाढ नाही. सहा महिन्यांनी दोन्हींत वाढ दिसली आणि दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. बस, इथून ‘मिनॉक्सिडिलइतकंच’ हा शब्द बाजारात आला.

पण आकडे बघा. मिनॉक्सिडिल गटाची सरासरी जवळपास १३८ वरून १४१ झाली, रोझमेरीची १२३ वरून १३०. म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ते औषधच त्या चाचणीत जेमतेम हललं होतं. डोस कमी ताकदीचा, काळ सहा महिने, आणि कुणाच्या मुळात किती एन्झाइम होतं ते माहीत नाही. शर्यतीत पहिला धावणाराच लंगडत असेल तर त्याच्याबरोबर पोचणं ही काय मोठी गोष्ट? आणि औषध नसलेला तिसरा गट नव्हताच. तो असता तर तोही या दोघांच्या बरोबरीने आला असता का, हे या चाचणीतून सांगता येत नाही.

कागद-पेन घ्या, एक हिशेब करू. केसांच्या मोजणीत माणसा-माणसांत खूप फरक असतो. प्रमाण विचलन ४० धरा. पन्नासच्या दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाची प्रमाण त्रुटी निघते ४० × √(२/५०), म्हणजे ८ केस. साधारण दुप्पट म्हणजे १६ केसांचा फरक असल्याशिवाय तो ‘लक्षणीय’ म्हणून पकडता येणार नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्याच सुरुवातीच्या मोजणीशी केली तर हे विचलन बरंच कमी होतं, म्हणून खरा हिशेब इतका वाईट नसतो. पण मुद्दा तोच: ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पेटच्या मुलाखतीत यावर अडकलेले लोक मी पाहिलेत.

दोन गोष्टी सारख्याच आहेत हे खरंच दाखवायचं असेल तर त्याची रीत वेगळी आहे. आधीच ठरवायचं की इतक्यापेक्षा जास्त मागे राहिलं तर मान्य नाही, मग त्या मर्यादेच्या आत उत्तर बसतं का ते तपासायचं. २०१७ मध्ये डॉ. धुरत यांच्या गटाने कॅफीनसाठी अशीच चाचणी छापली. २१० पुरुष, सहा महिने, ०.२ टक्के कॅफीनचं द्रावण विरुद्ध ५ टक्के मिनॉक्सिडिल. वाढीच्या अवस्थेतल्या केसांच्या प्रमाणात सुधारणा कॅफीनने १०.५९ टक्के, मिनॉक्सिडिलने ११.६८ टक्के. रोझमेरीच्या पेपरपेक्षा मला ही मांडणी जास्त पटते. तरीही कुणाला काय दिलंय हे दोन्ही बाजूंना माहीत होतं, आणि औषध नसलेला गट इथंही नव्हता. शिवाय डोक्यावर राहणारं द्रावण आणि दोन मिनिटांत धुतला जाणारा कॅफीनचा शाम्पू एक नव्हे.

कांद्याचं तर आणखीच मजेशीर आहे. २००२ मधला ज्याचा दाखला देतात तो इराकमधला अभ्यास चाईवर होता, म्हणजे गोल चट्टे पडून केस जातात त्या आजारावर. तिथं शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उठते. डीएचटीच्या टकलाशी त्याचा संबंध नाही. पेपर खोटा नाही, आजार दुसरा आहे. बायोटिनची खरोखर कमतरता असेल तर केस जातात, पण अशी माणसं विरळ.

सायनचाच २०१३ चा आणखी एक अभ्यास वाचाच. १०० पुरुष, सगळ्यांना ५ टक्के मिनॉक्सिडिल. अर्ध्यांना शिवाय आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलर. बारा आठवड्यांनी केसांच्या संख्येतली सरासरी वाढ ९१.४ विरुद्ध २२.२. एवढा मोठा फरक बघून आनंद होतो, पण संशोधकाने आधी भुवई उंचवायची. मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता हे चांगलं, पण डोक्यावर सुया फिरतायत हे रुग्णाला कळणारच. खोटा रोलर कुणाला फिरवला नव्हता, आणि बारा आठवडे हा काळही थोडा. लेखकांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलंय. हे वाचून खोलीवर एकच रोलर चौघांत फिरवू नका, जंतुसंसर्ग फुकटात मिळेल.

फिनास्टेराइडची वाट वेगळी. ते ५-अल्फा रिडक्टेजलाच अडवतं, म्हणजे झिजेच्या मूळ कारणावर घाव. गोळीने लैंगिक दुष्परिणाम होण्याची भीती असते, म्हणून लावायचा फवारा आला. पण ‘वरून लावलं म्हणजे आत जात नाही’ हा गैरसमज. ०.२५ टक्के फवाऱ्याच्या मोठ्या चाचणीत रक्तातलं डीएचटी सरासरी ३४.५ टक्क्यांनी उतरलं, गोळीने ५५.६ टक्क्यांनी. कमी, पण शून्य नव्हे. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिचा हात त्याला लागू देऊ नये.

शेवटी माझ्या जिव्हाळ्याचं, म्हणजे द्रावण. घटक कोणता याइतकंच तो कशात विरघळवलाय याला महत्त्व आहे. मिनॉक्सिडिल पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून त्यात अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. अल्कोहोल उडून गेलं की उरलेल्या थरात औषध दाट होतं, त्या वेळी ते आत शिरतं. फार लवकर सुकलं तर स्फटिक होऊन वरच बसतं, केसांत दिसणारी पांढरी भुकटी ती हीच. डोक्याला खाज येते ती बऱ्याचदा औषधाची नसून ग्लायकॉलची असते. सकाळी चोपून खोबरेल लावून त्यावर मिनॉक्सिडिल टाकणाऱ्यांनी आता विचार करावा. ते कोरड्या टाळूवर लावायचं आणि चार तास धुवायचं नाही. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळाले तर घाबरून बंद करू नका. जुना, थांबलेला केस नव्याला जागा देत असतो. चार महिन्यांआधी निकाल मागू नका. आणि सोडलं की कमावलेलं काही महिन्यांत परत जातं.

विषय शोधणाऱ्यांसाठी एक प्रश्न ठेवतो. त्वचेतून औषध किती जातं हे आपण प्रयोगशाळेत फ्रांझ सेलमध्ये बघतो, आणि तिथं पृष्ठभागाचं तापमान ३२ अंश ठेवतो. मे महिन्यात नांदेडला पारा ४२ च्या वर, टाळूवर घाम, पंखा जोरात, आणि अल्कोहोल बघता बघता उडालेलं. तेव्हा स्फटिक आधी बनतात की औषध आधी शिरतं? सेल, मिनॉक्सिडिल आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढ्यावर याची सुरुवात करता येते. सिनॉप्सिस लिहिताना नुसत्या द्रावणाचा गट मात्र विसरू नका.