एका थेंबाहूनही कमी डिझेल

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. तरीही छोट्या जनरेटरच्या एका सिलिंडरमध्ये सेकंदाला बारा-तेरा वेळा जाळ होतो. त्याच्या जोरावर लाईट गेल्यावरही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीत घरात पाण्याची मोटर चालते, डेअरीतलं दूध थंड राहतं. हे घडतं कसं, ते नीट समजलं की कोणता जनरेटर घ्यावा याचं निम्मं उत्तर हाती येतं.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, कारण दाबलेली हवा गरम होते. डिझेल इंजिन हेच करतं, पण फार जोरात. किर्लोस्करचं टीव्ही-1 हे इंजिन घ्या. कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळेत ते उभं असतं. त्याचा सिलिंडर 87.5 मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धाव 110 मिलिमीटर आणि ताकद 5.2 किलोवॅट, म्हणजे सात हॉर्सपॉवर. पिस्टन वर येताना आतली हवा साडेसतरा पट दाबली जाते, तीही सेकंदाच्या पन्नासाव्या भागात. तेवढ्यात हवा पाचशे अंशांच्या वर तापते. डिझेलला आपोआप पेट घ्यायला अडीचशेच्या आसपास अंश पुरतात. नोझलमधून धुक्यासारखं डिझेल आत गेलं की ते काडी न लावता पेटतं.

दर फवाऱ्यात डिझेल किती असतं? पूर्ण लोडवर हे इंजिन तासाला साधारण दीड लिटर डिझेल पितं आणि तेवढ्या वेळात 45,000 वेळा जाळ होतो. भागाकार केला तर एका वेळचा वाटा येतो सुमारे 0.033 मिलिलिटर. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाहूनही हे कमी. एवढंसं डिझेल वेळेवर आणि नेमकं मोजून सोडणारा तो लहानसा पंप पाहिला की मला कारागिरांपुढे हात जोडावेसे वाटतात.

रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी 26 टक्के ऊर्जा कामी आली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना दहा टक्के गाठतानाच दम लागे. ही विद्या आपल्या मातीतही रुजली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, 1946 मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि आज तिचा एक कारखाना आपल्याच जिल्ह्यात, कागलला आहे. कोल्हापूरचं उद्यमनगर आणि इथल्या फाउंड्र्या वाढल्या त्यात उसाला पाणी देणाऱ्या ऑईल इंजिनांचा मोठा वाटा आहे. इंजिनाची नाडी जाणणारे फिटर या भागात भेटतात ते उगीच नाही. म्हणून घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो किमतीचा नाही: याचं नोझल, फिल्टर आणि रिंगा कोल्हापुरात त्याच दिवशी मिळतील का?

दुसरा प्रश्न फेऱ्यांचा. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलून परत येते, म्हणजे 50 हर्ट्झ. जनरेटरला चार पोल असतील तर त्यासाठी इंजिनाने मिनिटाला 1,500 फेरे घ्यावे लागतात, दोनच पोल असतील तर 3,000. तीन हजारवाला हलका आणि स्वस्त असतो, पण तेवढ्याच तासात पिस्टन दुप्पट धावतो, दुप्पट झिजतो आणि कानठळ्याही बसवतो. कधीमधी अर्धा तास लागणार असेल तर तो चालेल. रोज दोन-चार तास हवा असेल तर 1,500 फेऱ्यांचाच घ्या.

हे फेरे लोड बदलला तरी टिकतात कसे? आत गव्हर्नर असतो. दोन छोटी वजनं फिरत असतात. मोटर सुरू झाली की इंजिन क्षणभर दबतं, वेग घटतो, वजनं आत येतात आणि दांडी सरकून डिझेल वाढतं. रिकामं चालताना 52 हर्ट्झ आणि पूर्ण लोडवर 50, एवढाच फरक चांगला यांत्रिक गव्हर्नर पडू देतो. विकत घेण्यापूर्वी आपल्यासमोर मोटर लावून बघा. आवाज एकदा खाली जाऊन लगेच स्थिर झाला तर गव्हर्नर ठीक आहे. वरखाली हेलकावत राहिला तर नाही.

आता आकार. एका घरात फ्रिज 200 वॅट, चार पंखे 300, दहा एलईडी 90, टीव्ही 100 आणि एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर सुमारे 1,000 वॅट, असे मिळून सुमारे 1,700 वॅट होतात. पण मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून इथे 5 केव्हीए हवा. केव्हीएला 0.8 ने गुणा, म्हणजे 4 किलोवॅट मिळतात. आधी मोटर सुरू करायची, मग बाकीचं.

याहून मोठा घेऊ नका. तीस टक्क्यांहून कमी लोडवर डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि नोझल व सायलेन्सरमध्ये काजळी साठते. नुसते दिवे, पंखे आणि फ्रिज चालवायचे असतील तर इन्व्हर्टरच बरा. लिटरमागे छोटा जनरेटर जेमतेम तीन युनिट देतो, म्हणजे डिझेल नव्वद रुपये धरलं तर युनिटला तीस रुपये पडतात. मोटर, पिठाची गिरणी किंवा दुधाचा कूलर असेल तिथेच तो आपली किंमत वसूल करतो.

नवा घेताना 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या, धुरातल्या प्रदूषणाच्या सीपीसीबी-4 प्लस निकषांची प्लेट पाहा. सायलेंट पेटीचा आवाज एक मीटरवर 75 डेसिबलच्या आत हवा. वापरलेला घेताना धूर बघा. लोडवर काळा धूर म्हणजे ताकदीबाहेरचं ओझं किंवा बिघडलेलं नोझल, निळा म्हणजे ऑईल जळतंय. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं लोड देऊन चालवा, नाहीतर नेमक्या रात्री तो उठणार नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्गच कित्येक दिवस बंद होता. ते ध्यानात ठेवून जनरेटर पुराच्या रेषेच्या वर बसवा आणि थोडं स्वच्छ डिझेल हाताशी ठेवा.

दोन गोष्टींत मात्र काटकसर नको. जनरेटर बंद खोलीत कधीही चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. आणि बाहेरची लाईन व जनरेटर यांपैकी एका वेळी एकच जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नका. तुमची 230 व्होल्टची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली तर पलीकडच्या तारेवर ती 11,000 व्होल्ट होते, आणि त्या तारेवर आपल्याच गावचा वायरमन लाईट बंद आहे असं समजून हात घालत असतो. जनरेटर घ्यायला निघाल तेव्हा यादीत पहिलं नाव त्या स्विचचं लिहा.