हळर्णचं नाव पोर्तुगालच्या बाटलीवर!

गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीकाठचं हळर्ण. गाव लहान, पण राज्य बदललं, चलन बदललं, न्याहारी बदलली, आणि प्रत्येक बदल इथल्या उंबऱ्यापर्यंत पोचला.

गावाची झाली पदवी: सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातला इथला किल्ला पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू द आल्मैदा यांनी 1746 मध्ये जिंकला. पुढे त्यांना किताब मिळाला ‘मार्केज द आलोर्ना’. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण! पोर्तुगालमधल्या त्यांच्या जुन्या मळ्यात आजही वाइन बनते आणि बाटलीवर नाव झळकतं ‘आलोर्ना’.

तीन चलनं, एक पिढी: आधी पोर्तुगीज रुपया, 1959 मध्ये एस्कुदो, आणि 19 डिसेंबर 1961च्या गोवामुक्तीनंतर भारतीय रुपया. बाजारहाटाचा हिशेब लोकांनी तीन-चार वर्षांत दोनदा नव्याने बसवला.

गावोगावी शाळा: 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि गोव्याच्या खेड्यापाड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. बहुजनांच्या घरातल्या मुली पाटी घेऊन बाहेर पडल्या. सर्वांत मोठा बदल हाच.

लेकीचा वाटा: 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा गोव्यात अजून चालतो. आईवडिलांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी, मग धर्म कोणताही असो.

पों-पों! पाव पोर्तुगिजांबरोबर आला आणि इथलाच झाला. सायकलचा भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. वर कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ पोय फोडायची आणि गरम पातळभाजीत बुडवायची.

आगबोट ते विमान: मुंबईला जायला पूर्वी पणजीहून आगबोट. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पेडण्याला स्टेशन मिळालं. जानेवारी 2023 पासून याच तालुक्यातल्या मोपावरून विमानं उडतात.

माटोळी मात्र हवीच: चवथीला गणपतीच्या वर नारळ, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, कांगलं आणि रानफळं टांगतात, ती माटोळी. पूर्वी ती केवणीच्या सालीच्या दोरांनी बांधत, आता दुकानातली सुतळीही चालते. दोर बदलला तर बिघडत नाही, पण रान राहिलं नाही तर टांगणार काय? म्हणून येत्या चवथीला मुलांना रानात न्या, प्रत्येक फळाचं नाव शिकवा. पाव, रेल्वे, विमान बाहेरून आलं. माटोळी आपल्यालाच सांभाळायची आहे.