जाळण्यासाठी छापलेली चित्रं

मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहरात लोक येतात ते राजवाडा बघायला. १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन घराण्याचे तेरा राजे इथे होऊन गेले, आणि १९९३ साली युनेस्कोने इथल्या वास्तूंना जागतिक वारसा ठरवलं. संपादकांनाही राजवाड्यावरच लेख हवा होता. पण तटबंदी आणि दालनं बघून मी हुओंग नदीच्या काठाने खाली सिन्ह गावी गेले आणि तिथेच रमले.

सिन्हमध्ये लाकडी ठशांवरून पूजेची चित्रं छापतात. एका घरात आजीबाई कामाला बसल्या होत्या. समोर उताणा ठेवलेला ठसा. त्यावर त्यांनी काळी शाई फिरवली, कागद अलगद अंथरला आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने पाठीमागून घासायला लागल्या. यंत्र म्हणाल तर एवढंच. दाब सगळा मनगटाचा. जोर जास्त झाला तर शाई पसरते, कमी पडला तर देवीचा डोळाच उठत नाही. आजींनी आधी एक कोपरा उचलून खात्री करून घेतली, मग कागद सोडवला. रंग नंतर हाताने भरायचे. पूर्वी ते मायाळूच्या फळांपासून, विटांच्या पुडीपासून घरीच करत. कागदावर शिंपल्यांच्या पुडीचा हात फिरवलेला असे, म्हणून तो चमके.

घरातल्या बाईला सांभाळणारी देवी वर्षभर देव्हाऱ्यापाशी राहते आणि वर्षअखेर जाळली जाते. माणसांची, जनावरांची चित्रं तर पूजा आटोपताच अग्नीत जातात. त्यामुळे जुनं चित्र सहसा मागे उरतच नाही, गावाची सगळी पुंजी ठशांत. १९७५ नंतर अंधश्रद्धा म्हणून या चित्रांवर बंदी आली, तेव्हा बरेच ठसे गेले. काही कारागिरांनी लपवले म्हणून वाचले.

आता गाठ बाजाराशी आहे. यंत्रावर छापलेली चित्रं स्वस्त मिळतात, आणि जाळायच्याच कागदाला जास्त पैसे कोण देणार? म्हणून सिन्हचे कारागीर पर्यटकांसाठी बारा राशींचे प्राणी आणि गावच्या कुस्त्यांची चित्रं काढतात. या कुस्त्या चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात, दहाव्या दिवशी होतात. चित्रं देखणी आहेत, मीही घेतली. तरी काळजी वाटते. जळून गेलेल्या चित्राच्या जागी पुढच्या वर्षी नवं लागतं. चौकटीत बसवलेलं चित्र तेच घर पुन्हा विकत घेत नाही, आणि छपाई कमी झाली की ठसे झिजत नाहीत, नवे कोरण्याचं कामही निघत नाही.